नवी पिकअप: आधी रिकॉल, मग देखभाल, अ‍ॅक्सेसरीज शेवटी

पिकअप दारात आली की पहिल्या आठवड्यात माणूस काय शोधायला लागतो ते ठरलेलंच असतं: हौद्यावरचं झाकण, पुढचा गार्ड, मोठे टायर, छतावर दिव्यांची पट्टी. हौस असावी, त्यात गैर काही नाही. फक्त क्रम उलटा होतो. आधी गाडीवर एखादं रिकॉल, म्हणजे दोष दुरुस्त करायला कंपनीने गाडी परत बोलावणं, बाकी आहे का ते बघा, मग गाडीची तब्येत बघा, आणि अ‍ॅक्सेसरीजकडे सगळ्यात शेवटी वळा. तुम्ही गाडीवर जे जे चढवाल ते पुढे कधीतरी कुणा मेकॅनिकला उतरवावं लागणार आहे, आणि त्याची मजुरी बहुधा तुमच्याच खिशातून जाणार आहे. शिवाय वर बसवलेली वस्तू खालचा गंज, गळती आणि सैल बोल्ट छान झाकून टाकते.

पायरी १: व्हिन नंबर काढा आणि रिकॉल तपासा

प्रत्येक गाडीला १७ अक्षर-अंकांचा व्हिन नंबर, म्हणजे तिचा स्वतःचा ओळख क्रमांक, असतो. नोंदणीच्या कागदावर तो असतोच. शिवाय बहुतेक गाड्यांत पुढच्या काचेच्या खालच्या कोपऱ्यात, दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर किंवा चासीवर ठोकलेला सापडतो. १ आणि ० या अंकांशी घोटाळा होऊ नये म्हणून त्यात आय, ओ आणि क्यू ही इंग्रजी अक्षरं वापरतच नाहीत. त्यामुळे उतरवून घेताना 'ओ' दिसला तर ते शून्य आहे हे समजा. कागदावरचा आणि चासीवरचा नंबर एकच आहे ना, हेही त्याच वेळी बघून टाका, विशेषतः गाडी जुनी घेतली असेल तर.

हा नंबर कंपनीच्या संकेतस्थळावरच्या रिकॉलच्या पानावर टाका. अमेरिकेत एनएचटीएसए ही सरकारी संस्था अशी तपासणी फुकट करू देते; इतर अनेक देशांतही वाहतूक खात्याची किंवा कंपन्यांची अशी सोय आहे. मॉडेलचं नाव आणि वर्ष टाकून मिळणाऱ्या उत्तरावर विसंबू नका. दोष बहुतेक वेळा ठरावीक काळात बनलेल्या, ठरावीक पुरवठादाराचा भाग बसलेल्या गाड्यांतच असतो. शेजाऱ्याची तीच गाडी रिकॉलमध्ये आणि तुमची नाही, असं सर्रास होतं.

जुनी गाडी घेणाऱ्यांनी इथे जास्त जागं राहायला हवं. रिकॉलचं पत्र कंपनीच्या किंवा सरकारच्या दप्तरात ज्याचं नाव-पत्ता आहे त्याच्याकडे जातं. मधल्या मालकाने घर बदललं असेल तर पत्र कुठल्या तरी रिकाम्या पत्रपेटीत पडून राहतं. म्हणून गाडी नावावर झाली की कंपनीकडेही आपला पत्ता आणि फोन नोंदवा. आणि एकदा तपासलं म्हणजे झालं असं नाही, वर्षातून दोनदा तरी नंबर टाकून बघत जा. रिकॉल गाडी सहा-सात वर्षांची झाल्यावरही निघतं.

निकालात तीन प्रकारची उत्तरं येऊ शकतात, आणि तिन्हींना वेगळं वागावं लागतं.

पहिलं, उपाय तयार आहे, गाडी घेऊन या. हे सोपं. एप्रिल २०२४ मध्ये टेस्लाने ३,८७८ सायबरट्रक परत बोलावल्या, कारण अ‍ॅक्सिलरेटरच्या पेडलवरचं आवरण निसटून वरच्या भागात अडकू शकत होतं. असली कामं सर्व्हिस सेंटरमध्ये थोड्या वेळात होतात.

दुसरं, दोष मान्य आहे पण उपाय अजून ठरलेला नाही. मे २०२४ मध्ये टोयोटाने अमेरिकेत टुंड्रा पिकअप आणि लेक्ससची एक मोठी गाडी मिळून सुमारे १ लाख २ हजार गाड्यांचं रिकॉल काढलं. कारखान्यात इंजिनाच्या यंत्रकामातले धातूचे कण आत राहून गेले होते आणि ते मुख्य बेअरिंग खराब करू शकत होते. सुरुवातीला मालकांना नुसती सूचना मिळाली. इंजिन बदलून द्यायचं हे नंतर ठरलं. अशा मधल्या काळात गाडी कशी चालवायची, कोणता आवाज किंवा कोणता दिवा लागला तर थांबायचं, हे सर्व्हिस सेंटरला विचारा आणि उत्तर ईमेलवर मागा. तोंडी 'काही होत नाही हो' याला नंतर काही किंमत नसते.

तिसरं उत्तर म्हणजे गाडी चालवूच नका. हे क्वचित येतं, पण आलं तर त्यावर वाद घालत बसू नका. ताकाता कंपनीच्या एअरबॅगमधलं अमोनियम नायट्रेट उष्णता आणि दमटपणामुळे काही वर्षांनी बिघडायचं, आणि एअरबॅग उघडताना तिचं धातूचं भांडं फुटून तुकडे अंगावर यायचे. जानेवारी २०१८ मध्ये फोर्डने २००६ सालच्या सुमारे २,९०० रेंजर पिकअपच्या मालकांना गाडी उभी करून ठेवायला सांगितलं, कारण तशा गाड्यांत माणसं दगावली होती. अशा वेळी गाडी ओढून नेण्याची सोय बहुतेकदा कंपनी करते. ती मागून घ्या.

रिकॉल, सर्व्हिस बुलेटिन आणि वाढीव वॉरंटी या तीन गोष्टींत नवे मालक नेहमी गल्लत करतात. रिकॉल सुरक्षेच्या दोषासाठी असतं आणि त्याचं काम फुकट होतं. अमेरिकेत पहिल्या विक्रीपासून १५ वर्षांपर्यंत तसा कायदाच आहे. सर्व्हिस बुलेटिन म्हणजे कंपनीने मेकॅनिकला दिलेली सूचना: अमुक खडखड ऐकू आली तर तमुक भाग बदला. वॉरंटी संपली असेल तर त्याचे पैसे तुमचे. वाढीव वॉरंटीत एखाद्याच भागाची मुदत लांबवलेली असते. काउंटरवर बसलेला माणूस या तिघांना एकाच नावाने बोलवतो, म्हणून मोहिमेचा क्रमांक, म्हणजे कंपनीने त्या कामाला दिलेला नंबर, विचारा. क्रमांक सांगितला की गोंधळ मिटतो.

भेटीची वेळ घेताना 'भाग आलाय का?' हे आधी विचारा. गाडी दिवसभर उभी राहून संध्याकाळी 'भाग पुढच्या आठवड्यात' हे ऐकायची वेळ अनेकांवर येते. काम झाल्यावर जॉब कार्डवर मोहिमेचा क्रमांक आणि 'पूर्ण' ही नोंद असल्याशिवाय चावी घेऊ नका. तोच दोष तुम्ही रिकॉल निघण्यापूर्वी स्वखर्चाने दुरुस्त केला असेल तर पावती शोधा. कितीतरी रिकॉलमध्ये तो खर्च परत मिळतो.

पायरी २: गाडी किती ओझं घेते, ते कागदावर मांडा

दाराच्या खांबावर किंवा मॅन्युअलमध्ये दोन आकडे असतात: गाडीचं कमाल एकूण वजन आणि रिकाम्या गाडीचं वजन. दोन्हींची वजाबाकी म्हणजे तुमची वाहून नेण्याची क्षमता. ती बँकेतल्या खात्यासारखी धरा, कारण प्रत्येक माणूस, प्रत्येक लोखंडी गार्ड त्यातूनच वजा होतो.

समजा एकूण मर्यादा ३,००० किलो आणि रिकामी गाडी २,०५० किलो. हातात ९५० किलो आले. आता हौद्यावरचं फायबरचं टोपण ८० किलो, विंचसकट (अडकलेली गाडी ओढायचं यंत्र) लोखंडी बंपर ९० किलो, हौद्यातले ड्रॉवर ७० किलो, मोठ्या टायरांचं जादा वजन २० किलो. २६० गेले. सरासरी ७५ किलोची चार माणसं बसली, ३०० गेले. उरले ३९०. मागे २,५०० किलोचा ट्रेलर जोडला तर त्याचं साधारण १० टक्के, म्हणजे २५० किलो, हुकवर दाबून बसतं, आणि तेही याच हिशेबात येतं. राहिले १४० किलो. अजून एकही पिशवी चढलेली नाही.

हुकवरचा भार तर आकड्यापेक्षा जास्त बाधतो. हुक मागच्या धुरीच्या (अ‍ॅक्सलच्या) बराच मागे असतो, त्यामुळे तरफेसारखा परिणाम होतो. पुढच्या-मागच्या चाकांत ३.२ मीटर अंतर आणि मागच्या धुरीपासून हुक १.२ मीटर मागे असेल, तर हुकवरचे २५० किलो मागच्या धुरीवर जवळपास ३४४ किलो होऊन बसतात आणि पुढची चाकं ९४ किलोने हलकी होतात. पुढची चाकं हलकी झाली की स्टिअरिंगला पकड कमी. म्हणूनच धुरीची मर्यादा वेगळी लिहिलेली असते. ट्रेलर जोडून एकदा वजनकाट्यावर जाऊन या, दोन्ही धुऱ्यांचं वजन वेगवेगळं घ्या.

आणि डोळ्यांवर विश्वास ठेवू नका. एक घनमीटर ओली वाळू जवळजवळ दोन टन भरते. बहुतेक पिकअपच्या हौद्यात एक घनमीटर सहज मावतो, पण निम्म्याआधीच गाडीची मर्यादा संपलेली असते.

पायरी ३: देखभाल

इंजिन ऑइल, एअर फिल्टर, कूलंट, दर दोन वर्षांनी ब्रेक ऑइल: हे कुठल्याही गाडीचं आहे, त्यात मी शिरत नाही. फक्त मॅन्युअलमध्ये दोन वेळापत्रकं असतात हे लक्षात ठेवा, एक साधारण वापराचं आणि एक कठीण वापराचं. धूळ, ओझं, ट्रेलर, सतत कमी अंतराच्या फेऱ्या यांपैकी काहीही असेल तर तुमचं वेळापत्रक दुसरं. पिकअप घेणाऱ्यांतले बरेच लोक त्यात मोडतात आणि पहिलंच पाळत बसतात.

डिझेल गाडीत डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, असेल तर तिला अधूनमधून सलग लांब पळवावं लागतं. नुसत्या दहा मिनिटांच्या फेऱ्यांत फिल्टरमधली काजळी जाळायला पुरेशी उष्णता येत नाही. जाळण्याचा प्रयत्न अर्धवट राहतो आणि जादा फवारलेलं डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकवर ऑइल कमी होण्याऐवजी वाढलेलं दिसलं तर खूश होऊ नका, ते डिझेल आहे. ऑइलही डीपीएफला चालणारं, कमी राखेचंच घाला. डिझेल फिल्टरखालचं पाणी सोडायचं काम प्रत्येक सर्व्हिसला करून घ्या.

आता खास पिकअपच्या गोष्टी.

मागे बहुतेक पिकअपना स्प्रिंगचं काम करणारे पोलादी पाटे असतात. पाट्यांना धुरीशी आवळणारे यू-बोल्ट ओझ्याने हळूहळू सैल होतात. नवे पाटे किंवा नवे यू-बोल्ट बसवल्यावर काहीशे किलोमीटरने पुन्हा आवळून घ्या, आणि एकदा काढलेले यू-बोल्ट परत वापरू देऊ नका. आवळताना ते ताणले गेलेले असतात. प्रोपेलर शाफ्टच्या (गिअरबॉक्सकडून धुरीला फिरवणाऱ्या दांड्याच्या) क्रॉसला, म्हणजे सांध्याला, ग्रीसचे निपल असतील तर ग्रीसिंग चुकवू नका. गाडी हलताना खालून 'टक' असा एकच आवाज येत असेल तर आधी तिथेच बघा.

फोर-व्हील ड्राइव्ह अर्धवेळ प्रकारची असेल, म्हणजे हवी तेव्हा लावायची, तर ती कोरड्या डांबरी रस्त्यावर लावू नका. वळणावर पुढची आणि मागची चाकं वेगवेगळं अंतर कापतात, मधे तो फरक सोसणारं काही नसतं, आणि सगळा ताण गिअर आणि शाफ्टवर येतो. उलट ती कधीच न लावणंही वाईट. महिन्यातून एकदा मातीच्या किंवा खडीच्या रस्त्यावर काही किलोमीटर लावा, म्हणजे आतले भाग ऑइलने भिजतात आणि लिव्हर किंवा मोटर जाम होत नाही.

खोल पाण्यातून गाडी काढली असेल तर डिफरन्शियलचं, म्हणजे धुरीतल्या गिअरच्या पेटीचं, ऑइल बघून घ्या. चालून तापलेली धुरी गार पाण्यात गेली की आतली हवा आकसते आणि सीलमधून किंवा श्वासनळीतून पाणी ओढून घेते. प्लग थोडा सैल करून बोटावर घेतलेलं ऑइल दुधाळ दिसलं तर ते बदलायचं, विषय संपला.

आणि स्टेपनी. बहुतेक पिकअपमध्ये ती हौद्याच्या खाली साखळीने किंवा तारेने लटकवलेली असते आणि मागच्या बंपरमधल्या भोकातून लांब दांडा घालून खाली सोडायची असते. चिखल, पाणी आणि मीठ या यंत्रणेवरच उडतं. वर्षभर हात न लावलेली यंत्रणा ऐन पंक्चरच्या वेळी जाम निघते, दांडा नुसता गरगर फिरतो आणि स्टेपनी जागची हलत नाही. सहा महिन्यांतून एकदा ती पूर्ण खाली सोडा, तारेचे पीळ तुटलेत का बघा, ग्रीस लावा, स्टेपनीत हवा भरा आणि वर नीट बसवा. खाली वाकलेलेच आहात तर टॉर्च मारून तिच्या वरचा आडवा बीमही बघा. नोव्हेंबर २००९ मध्ये टोयोटाने २००० ते २००३ सालच्या सुमारे १ लाख १० हजार टुंड्रांचं रिकॉल काढलं होतं, ते याच जागेसाठी: रस्त्यावरच्या मिठाने मागचा आडवा बीम इतका गंजत होता की स्टेपनी चालत्या गाडीतून खाली पडू शकत होती. चासीच्या पोकळ भागांना पाणी निघायची भोकं असतात, ती चिखलाने बुजलेली असतील तर तारेने मोकळी करा आणि आतून पाण्याचा फवारा मारा. बाहेरून चकाचक धुतलेल्या गाडीची चासी आतून सडताना दिसत नाही.

टायरांबद्दल थोडक्यात. भरल्या गाडीची आणि रिकाम्या गाडीची हवा वेगळी असते, दोन्ही आकडे स्टिकरवर किंवा मॅन्युअलमध्ये असतात. दर ८ ते १० हजार किलोमीटरने टायर आलटून-पालटून घ्या. टायरच्या बाजूवर चार अंकी तारीख असते: २३१९ म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी जुन्या रबराचा भरवसा नाही. चाक काढून बसवलं की साधारण १०० किलोमीटरने नट पुन्हा टॉर्क पान्याने तपासा.

पायरी ४: आता अ‍ॅक्सेसरीज

सुरुवात पायाखालच्या मॅटपासून करतो, कारण तिला कुणी अ‍ॅक्सेसरी समजतच नाही. सप्टेंबर २००९ मध्ये टोयोटाने अमेरिकेत सुमारे ३८ लाख गाड्यांच्या मालकांना ड्रायव्हरच्या पायाखालची मॅट काढून ठेवायला सांगितलं. त्यात टॅकोमा आणि टुंड्रा या पिकअपही होत्या. मॅट सरकली की अ‍ॅक्सिलरेटर तिच्यात अडकायचा. तेव्हा मॅट हुकमध्ये अडकणारीच घ्या आणि एकावर दुसरी कधीच टाकू नका.

हौद्याचं अस्तर ही बहुतेकांची पहिली खरेदी. आयतं प्लास्टिकचं टब स्वस्त आणि काढता येणारं असतं, पण त्याखाली पाणी आणि वाळू साठते, कंपनाने रंग घासला जातो आणि गंज सुरू होतो. ते घेणार असाल तर वर्षातून एकदा उचलून खाली धुवा. फवारलेलं अस्तर पत्र्याला चिकटलेलं असल्याने खाली पाणी जात नाही, मात्र ते कायमचं आहे. माझं मत विचाराल तर कामाच्या गाडीला फवारलेलंच. एक सावधगिरी दोन्हींना लागू: पेट्रोलचा कॅन हौद्यात ठेवून भरू नका. प्लास्टिकवर ठेवलेल्या कॅनमधला स्थिर विद्युतभार जमिनीत उतरत नाही आणि ठिणगी पडू शकते. कॅन खाली जमिनीवर ठेवून भरा.

हौद्यावरचं झाकण निवडताना रंगापेक्षा पाणी कुठून निघतं ते बघा. गुंडाळून आत जाणाऱ्या झाकणाचा डबा हौद्यातली पुढची जागा खातो आणि त्याच्या कोपऱ्यातल्या नळ्या पानांनी तुंबल्या की पाणी सामानावर. घडीचं झाकण साधं, पण उंच सामानाच्या दिवशी काढून ठेवायला जागा लागते. मागचा फाळका पाडून गाडी पळवली की डिझेल वाचतं, ही समजूत मात्र सोडून द्या. फाळका बंद असताना हौद्यात हवेचा भोवरा तयार होतो आणि वरची हवा त्यावरून घसरत जाते.

पुढचा लोखंडी गार्ड घेताना तो तुमच्याच मॉडेलसाठी, एअरबॅगशी जुळणारा म्हणून तपासलेला आहे का हे विचारा, आणि तुमच्या इथल्या कायद्यात तो चालतो का तेही. बंपरमागे धडक ओळखणारे सेन्सर असतात, कितीतरी गाड्यांत पुढे रडारही असतो. इंजिनाखाली संरक्षक पत्रा लावणार असाल तर ऑइलच्या प्लगसाठी त्याला भोक आहे ना बघा. नसेल तर दर सर्व्हिसला पत्रा काढायची मजुरी पडते.

सगळ्यात जास्त पैसे आणि सगळ्यात जास्त गैरसमज सस्पेन्शनमध्ये आहेत. मागून गाडी बसते म्हणून लोक पाट्यांच्या जोडीला हवेचे फुगे किंवा जादा पाते बसवतात. गाडी सरळ उभी राहते आणि वाटतं, आता जास्त माल चालेल. चालत नाही. मर्यादा चासी, धुरी, ब्रेक आणि टायर मिळून ठरवतात, स्प्रिंग बदलल्याने ती वाढत नाही. पाटे आपला भार चासीवर पुढे आणि मागे अशा दोन ठिकाणी देतात. फुगा तोच भार मधल्या एका ठिकाणी देतो. मागे लांब लटकणारा जड ट्रेलर आणि खडबडीत रस्ता यांची भर पडली की चासी तिथेच वाकते.

गाडी उंच करायच्या किटमध्ये आणखी एक छुपी गोष्ट आहे. अनेक पिकअपमध्ये मागच्या धुरीपासून एक बारीक दांडी वर एका झडपेला जोडलेली असते. ओझ्याने हौदा खाली बसला की दांडी फिरते आणि झडप मागच्या ब्रेकला जास्त दाब सोडते. गाडी रिकामी असली की कमी. तुम्ही गाडी दोन इंच उचललीत की झडपेला ती कायम रिकामीच वाटते, आणि भरल्या गाडीचे मागचे ब्रेक कमी लागतात. किट बसवणाऱ्याला विचारा, 'त्या दांडीचं काय करणार?' तो गोंधळला तर दुसरा माणूस शोधा. हेडलाइटचा कोन, चाकांची अलाइनमेंट आणि पुढच्या कॅमेऱ्याचं कॅलिब्रेशन हेही त्याच कामात धरा.

मोठ्या टायरांनी स्पीडोमीटर कमी दाखवतो. घेर ५ टक्के वाढला तर काटा १०० वर असताना गाडी १०५ ने पळत असते. जादा दिव्यांना बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूज आणि मधे रिले हवाच. मूळ वायर सोलून त्यात जोड मारणाऱ्याला बॉनेट उघडू देऊ नका.

पायरी ५: पुन्हा रिकॉलसाठी जाताना

गाडी सजवून झाल्यावर रिकॉल निघालं तर भेटीची वेळ घेतानाच काय काय बसवलंय ते सांगा. हौद्यातले ड्रॉवर आणि टोपण, पुढचा गार्ड, खालचा पत्रा हे कामाच्या आड येत असेल तर ते आदल्या दिवशी स्वतः उतरवलेलं बरं. इंजिनाचं ट्यूनिंग केलं असेल तर सॉफ्टवेअरचं रिकॉल ते पुसून टाकू शकतं. आता काही रिकॉल गाडीला घरबसल्या इंटरनेटवरून येणाऱ्या अपडेटनेच पूर्ण होतात. स्क्रीनवरचा तो संदेश 'नंतर' म्हणून ढकलत राहू नका.

बसवलेल्या प्रत्येक वस्तूची पावती, वजन, वायर कुठून नेली त्याचा फोटो आणि काढलेले मूळ भाग जपून ठेवा. वॉरंटीचा दावा नाकारताना 'तुम्ही बाहेरून काम केलंय' हे पहिलं वाक्य येतं. तेव्हा कोणतं काम, कुठे, आणि बिघडलेल्या भागाशी त्याचा काय संबंध, हे तुम्हाला फोटो पुढे ठेवून विचारता आलं पाहिजे.